तळहातावरचा फोड

स्क्रँटनला, बंद पडलेल्या विमा कंपनीच्या वर
लेफ्किनसाहेबांचं ऑफिस होतं.
तिथं अकरा वर्षं मी नकार टाइप केले.

"महोदय, आपला प्रस्ताव पोचला.
आमच्या विजेत्याच्या डाव्या हाताचं हाड मोडलं आहे.
वसंतात पाहू."
वसंतात लिहायचं, तारीख जुळत नाही.
मग, रक्कम कमी आहे.
रक्कम वाढली तर हॉल लहान,
आणि कुणी मोठा हॉल मिळवलाच
तर हात पुन्हा मोडायचा.

पत्रं जायची फिलाडेल्फियाला,
एल्वुड टॅन्सिल, मार्फत कत्तलखाना,
कारण त्याला मॅनेजर नव्हता.
रात्री तो बैलांचे फरे खांद्यावरून वाहायचा
आणि शनिवारी डाव्या हातानं माणसं झोपवायचा.
हातावर पोट म्हणतात, ते त्याचं
अगदी शब्दशः.

मी त्याला एकदाच पाहिलं.
फेब्रुवारीत, व्यायामशाळेला आतून कडी,
काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली.
नुसता सराव, सहा फेऱ्या, ठरलेले पंचवीस डॉलर.
तिसऱ्या फेरीत साहेबांनी स्वतः उठून घंटा वाजवली.
अजून एक मिनिट दहा सेकंद बाकी होते.
घड्याळ माझ्या हातात होतं.

"लवकर संपली की!" दारिओ हसला
आणि बादलीत गुलाबी थुंकला.
टॅन्सिल दातांनी मोज्याची गाठ सोडत
दोरांपाशी आला, मला म्हणाला,
"किती राहिलं होतं, मिस?"
मी घड्याळ
मांडीवर उलटं ठेवलं.

साहेब वाईट नव्हते, हेही लिहिलं पाहिजे.
पंधराव्या वर्षी दारिओच्या आईनं तो त्यांच्या स्वाधीन केला,
बरोबर बडीशेपेच्या बिस्किटांचा डबा,
आणि म्हणाली, "मोडून आणू नका."
साहेब म्हणायचे, "पट्टा काय, शेवटी चामडंच.
साठाव्या वर्षी यानं बुटाची नाडी स्वतः बांधलेली
मला बघायचीय."
शंभरातले तेहतीसही त्यांचेच होते.
दोन्ही खरं होतं,
दोन्ही एकाच टाइपरायटरवर उमटलं.
त्यांनी त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं.
फोडाला काय कळणार,
बाहेर मूठ कुणावर आवळलीय.

टॅन्सिल उभा राहिला मिळेल त्याच्यासमोर.
टोलेडोत वीस पौंड जड माणसाशी,
व्हीलिंगला तापात,
एका आठवड्यात दोनदा, बसच्या भाड्यासाठी.
त्यालाही आई असेल.
तिनं त्याला कुणाच्या स्वाधीन केलं
हे माझ्या फाइलींत नाही.

शेवटचं पत्र त्याच्या बहिणीच्या अक्षरात आलं.
भावाला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, म्हणाली.
त्यानं विचारायला सांगितलंय,
आता तरी तारीख जुळते का.

साहेबांनी ते उभ्यानं वाचलं.
टोपी घातली. जिना उतरून गेले.
अकरा वर्षांत त्या एकाच पत्राला
आम्ही खोटं उत्तर दिलं नाही.

साहेब गेल्यावर, ऑफिस रिकामं करताना
दारिओ आला, भिंतीवरचा आपला फोटो न्यायला.
बासष्टचा. नाडी नीट बांधलेली.
माझं नाव, माझ्या मांजराचं नाव, सगळं आठवत होतं.
एक्केचाळीस लढती, हार एकही नाही,
हे त्यानं नेहमीसारखंच सांगितलं,
पण या वेळी आवाज उतरवून.

मग म्हणाला, "ती फाइल आहे का?"
कुठली, हे मी विचारलं नाही.

खिडकीशी बसून त्यानं कार्बनच्या निळ्या प्रती वाचल्या,
ओठ हलवत, एकेक.
पहिल्या पत्राकडे परत आला.
डावा हात माझ्या टेबलावर पसरला,
उजव्यानं एकेक बोट दाबत गेला,
करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, मग मनगट,
डॉक्टर दाबतो तसा, दुखरी जागा शोधत.

"मिस वोयतासिक," म्हणाला,
"हा कधी मोडला होता?"